पाचव्या क्लिकचा आवाज

"हत्ती पुढे घे! अरे, हत्ती!" रिहाब ओरडली.

"धान्य नाही, तर हत्ती कशी येणार?" फिरास म्हणाला.

"कसा येणार! हत्ती ‘तो’ असतो, ल्योंच्या पाहुण्या!"

"तो काय, ती काय! रोमन लोक दारात आली आहे!"

नऊ वर्षांची तस्नीम खो खो हसत सुटली. फिरास हा रिहाब आणि तस्नीम या बहिणींचा आतेभाऊ. तो फ्रान्समध्ये ल्यों शहरात वाढला होता. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो समुद्रकाठच्या किलिबिया गावी यायचा आणि घरची भाषा अशी मोडूनतोडून बोलायचा.

"हसू नको, माकडे! शेतावर बाई पाठव, बाई!" तेरा वर्षांची रिहाब सेनापती होती. तिचं सगळ्यांना ऐकावं लागे.

फिरासने पडद्यावरच्या बाईवर क्लिक केलं. बाईने टोपली उचलली आणि ती शेताकडे निघाली. पण ती काहीच बोलली नाही.

फिरासने पुन्हा क्लिक केलं. मग तस्नीमने त्याचा हात बाजूला सारून भराभर चार-पाच क्लिक केले. बाई थांबली, वळली, पुन्हा चालू लागली. आवाज नाही. बाहेर बंदरात कुणीतरी होडीवर हातोडा मारत होतं, तेवढाच आवाज.

"मुख्तारकाका! बाई बोलत नाहीये!"

मुख्तारकाका कार्यशाळेच्या दुसऱ्या टोकाला होडीच्या इंजिनावर वाकले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सकाळपासून बोलत नाही," ते म्हणाले.

तस्नीमने माऊसवरचा हात काढला. त्या बाईचा आवाज काकांच्या बायकोचा, नजातकाकूंचा होता आणि नजातकाकूंना जाऊन चौदा महिने झाले होते.

काकू शाळेत इतिहास शिकवायच्या. ‘कर्त’ हा खेळ त्यांनी आणि सतरा देशांतल्या लोकांनी मिळून केला होता. कार्थेज या प्राचीन नगरीचं मूळ नाव कर्त-हदश्त, त्यातला हा कर्त. कुणी जहाजं काढली, कुणी तटबंदी, कुणी संगीत दिलं. सगळं फावल्या वेळात आणि फुकट. काकूंनी किलिबियाजवळच्या केरकुआनच्या अवशेषांवरून घरं मोजून दिली आणि बायकांचे आवाज दिले. अकरा वर्षं त्या रोज संध्याकाळी या कामाला बसायच्या. त्या लोकांपैकी एकालाही त्या प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या.

काकू गेल्यावर काकांनी त्यांचा संगणक घरातून बंदरावरच्या कार्यशाळेत आणला. घरात एकट्याने बसवत नाही, म्हणायचे. मुलांनी यावं, खेळावं, दंगा करावा, त्यांची काही हरकत नसे. मुलं गेली की ते स्वतः खेळायला बसत. त्यांना खेळता मुळीच येत नव्हतं. ते एक घर बांधत, एक बाई तयार करत आणि तिच्यावर क्लिक करत. बस्स.

"काका, सैन्य करा की! शत्रू येईल!" तस्नीम एकदा म्हणाली होती.

"येऊ दे," काका म्हणाले होते.

आता त्यांनी फडक्याला हात पुसले. "पत्र आलंय. फिरास, तू वाच. फ्रेंचमध्ये आहे."

पत्र लिस्बनच्या इनेशचं होतं. खेळातले सगळे आवाज ती सांभाळायची. फिरासने वाचून अर्थ सांगितला, तो असा:

"प्रिय मुख्तार, हे कसं लिहू कळत नाही. एका मोठ्या कंपनीने तक्रार केली आहे, की कर्तमधले बायकांचे आवाज त्यांच्या नव्या खेळातून चोरले आहेत. तक्रार माणसाने केलेली नाही, त्यांच्या यंत्राने केली आहे. दोन आवाज जुळले, की ते आपोआप तक्रार धाडतं. आम्हाला ते आवाज खेळातून काढून टाकायला लावले. दहा दिवसांत पुरावा दिला नाही, तर ते कायमचे जातील. माझ्याकडे कापून साफ केलेले तुकडे आहेत. पण तसे तुकडे कंपनीकडेही आहेत. अख्खं, न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण लागेल. ते तुझ्याकडे आहे का?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" रिहाब उसळून उठली. "म्हणजे यांनीच काकूंचा आवाज उचलला, आणि चोर आपण?"

"घ्यायला ना नव्हती," काका म्हणाले. "कर्त कुणीही घ्यावा, बदलावा, विकला तरी चालेल. नियम एकच. ज्यांनी केला त्यांची नावं काढायची नाहीत."

"मग मूळ ध्वनिमुद्रण द्या की पाठवून!"

काका पुन्हा इंजिनाकडे वळले. "बघू," ते म्हणाले. "जा आता. जेवायची वेळ झाली."

*

"काका काहीतरी लपवतायत," बाहेर आल्यावर रिहाब म्हणाली.

"मला भूक लागला," फिरास म्हणाला.

"लागली!"

तिघांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून फ्रिकासे घेतले. तळलेल्या पावात ट्यूना मासा, अंडं आणि झणझणीत हरिसा, म्हणजे लाल मिरच्यांची चटणी. फिरासच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने कबूल केलं नाही. तस्नीमचं लक्ष मात्र समोरच्या भिंतीकडे होतं.

"ताई, ते बघ!"

भिंतीवर भलंमोठं चित्र लावलं होतं. सोन्याने मढलेली एक बाई, मागे पेटलेली जहाजं. खाली लिहिलं होतं, की पॅरिसच्या कंपनीचा कार्थेजवरचा नवा खेळ शनिवारी दुपारी किलिबियाच्या किल्ल्यावर सादर होणार. तोवर तो सांस्कृतिक केंद्रात खेळून बघता येईल.

"इनेशच्या पत्रातली कंपनी हीच!" फिरास म्हणाला. "पत्रात हाच नाव होती!"

या वेळी त्याला कुणी हसलं नाही. तिघं धावत सुटली.

केंद्रात दोन मोठे पडदे लावले होते. खेळ देखणा होता, हे रिहाबलाही मान्य करावं लागलं. समुद्राचं पाणी खरं वाटत होतं. हत्तींच्या अंगावर सुरकुत्या होत्या. तस्नीमने एका विणकर बाईवर क्लिक केलं.

बाई बोलली.

रिहाब पडद्याकडे झुकली. शब्द कार्थेजच्या जुन्या भाषेतले होते, त्यांचा अर्थ तिला कळत नव्हता. पण आवाज! वर्गात मागच्या बाकावर कुणी बोललं, की "मागे कसला बाजार भरलाय?" असं विचारणारा तोच आवाज.

"आणखी कर," ती कुजबुजली.

दोन. तीन. चार. प्रत्येक वेळी बाई थोडी जास्त वैतागून बोलली. पाचव्या क्लिकला ती म्हणाली,

"हूत अलीक!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तस्नीमने किंकाळी फोडली. "मासा! मासा म्हणाली!"

हूत अलीक, म्हणजे मासा असो तुझ्यावर. कुणाचं कौतुक झालं, की दृष्ट लागू नये म्हणून किलिबियात घराघरांत हे म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कार्थेजमध्ये नव्हे, आत्ताच्या किलिबियात!

केंद्राचे संचालक सी रऊफ, म्हणजे रऊफसाहेब, किंकाळी ऐकून बाहेर आले. "काय चाललंय? हा काय मासळीबाजार आहे?"

"सी रऊफ, हा आवाज नजातकाकूंचा आहे!" रिहाब म्हणाली. "कंपनीने चोरलाय!"

सी रऊफ हसले. "बाळ, कंपनीने पॅरिसमध्ये भाषातज्ज्ञ बसवलेत. नजातबाई चांगल्या होत्या, अल्लाह त्यांच्यावर दया करो. पण त्या आपल्या इथल्या शाळेतल्या. त्यांचा आवाज पॅरिसला कसा जाईल?"

"पोहत!" तस्नीम म्हणाली.

"तुम्ही स्वतः ऐका तरी! पाच वेळा क्लिक करा!" रिहाब म्हणाली.

"मला शंभर कामं आहेत. शनिवारी पाहुणे येतायत, आणि तुम्ही कुणी तिकडे व्यासपीठाजवळ दिसलात, तर तुमच्या वडिलांना सांगेन! चला, व्हा बाहेर!"

*

दुसऱ्या दिवशी तिघं काकांच्या घरी गेली. काका अंगणात बसून मासे साफ करत होते. ताटलीत दोनच मासे होते. रिहाबने सगळं सांगितलं. पाचव्या क्लिकचं ऐकल्यावर काकांची सुरी थांबली.

"तेही घेतलं त्यांनी?" ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "ती चूक होती."

"चूक?"

"आवाज भरताना बंदरातली इंजिनं ऐकू यायची. म्हणून नजात कपड्यांच्या कपाटात बसून भरायची, रजया भोवती घेऊन. तस्नीम तेव्हा दोन वर्षांची. तुमची आई कामाला गेली, की ही आमच्याकडेच असायची. कुणीतरी तस्नीमचं कौतुक केलं, मीच केलं असेल, आणि नजातच्या तोंडून सवयीने निघून गेलं. तो तुकडा चुकून इनेशकडे गेला. नजातला फार लाज वाटली. इतिहासाची बाई आणि ही असली चूक! काढून टाक म्हणाली. पण बाकीच्यांना तो इतका आवडला, की त्यांनी मतं घेतली. ठेवायचा ठरला, पाचव्या क्लिकला. एक प्राध्यापक आठवडाभर रुसून बसले होते."

"मग ते कपाटातलं अख्खं ध्वनिमुद्रण कुठे आहे, काका?"

काकांनी मासा उचलला आणि तसाच ताटलीत ठेवला. माशी आली, ती त्यांनी हाकलली.

"आतल्या खोलीत तिचा खण आहे," ते म्हणाले. "त्यात तिचं छोटं यंत्र आहे. मी तो खण उघडलेला नाही."

"चौदा महिने?" फिरासने विचारलं. रिहाबने त्याला कोपर मारलं.

"कशाला उघडायचा? आत काय आहे ते मला माहीत आहे."

"काका, दहातले आठ दिवस उरलेत," रिहाब हळूच म्हणाली. "मग ती कुणाशीच बोलणार नाही."

काकांनी हात धुतले आणि ते पुसत बसले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले.

"तुम्ही उघडा," ते शेवटी म्हणाले. "मी बंदरावर जाऊन येतो."

ते गेले. खणात चष्मा होता, खडूचे तुकडे होते, केरकुआनच्या घरांची मापं लिहिलेले कागद होते. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं यंत्र होतं. रिहाबने त्यात नवे सेल घातले. आत सत्तेचाळीस ध्वनिमुद्रणं निघाली, प्रत्येकाला तारीख. तिघं दुपारभर जमिनीवर बसून ऐकत राहिली. काकू एकच वाक्य दहा-दहा वेळा म्हणत होत्या. मध्येच पाणी पीत होत्या. एकतिसाव्या ध्वनिमुद्रणात काकांचा आवाज आला, दारापलीकडून, हसरा: "बघ तरी, काय गोड दिसतेय!" आणि लगेच काकूंचा:

"हूत अलीक! तस्नीम, वायर चावू नकोस गं! मुख्तार, हिला घे, माझा आवाज भरून होऊ दे!"

"मी वायर चावत होते?" तस्नीमने विचारलं.

रिहाबने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. काकांना इतकं हसताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

फिरासने डोळे पुसले. "हरिसा," तो म्हणाला.

*

त्याच संध्याकाळी त्यांनी ते ध्वनिमुद्रण इनेशला पाठवलं. पण रिहाबचं तेवढ्याने समाधान झालं नाही.

"आवाज परत येईल. पण नावाचं काय? कंपनी म्हणेल, यंत्राची चूक झाली, आणि गप्प बसेल. नाव त्यांनी सगळ्यांसमोर घेतलं पाहिजे."

"सी रऊफ आपल्याला व्यासपीठाजवळ येऊ देणार नाहीत," तस्नीम म्हणाली.

रिहाबने फिरासकडे पाहिलं. "आपल्याला नाही. पण ल्योंहून आलेल्या पाहुण्याला?"

शनिवारी दुपारी किल्ल्याच्या आवारात अर्धं किलिबिया जमलं होतं. कोळी आले होते, शाळेतले शिक्षक आले होते, नभोवाणीची बाई आली होती. कंपनीचे फ्रेंच साहेब, मस्यू फाब्रिस, पांढऱ्या सुटात घामाघूम झाले होते. ते फ्रेंचमध्ये बोलत आणि सी रऊफ ध्वनिक्षेपकावरून लोकांना अर्थ सांगत.

फिरास केस नीट बसवून थेट मस्यू फाब्रिसपुढे गेला. त्याने अशी काही अस्खलित फ्रेंच झाडली, की रिहाब बघतच राहिली. मी ल्योंहून आलोय, तुमचा खेळ मला फार आवडतो, मला आणि माझ्या बहिणींना सगळ्यांसमोर खेळू द्याल का? मस्यू फाब्रिस खूश! छायाचित्रकाराला हाक मारून त्यांनी तिघांना वर घेतलं. सी रऊफ यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाहुण्यापुढे काय बोलणार?

"मस्यू, या बायका कुठली भाषा बोलतात?" फिरासने विचारलं.

"हे सांगतायत," सी रऊफ यांनी अर्थ सांगितला, "की या खेळातली प्रत्येक ओळ प्राचीन कार्थेजची भाषा आहे. पॅरिसच्या तज्ज्ञांनी दोन वर्षं खपून ती तयार केली."

तस्नीमने माऊस हातात घेतला. हे काम तिचं होतं, तिच्याइतकं भराभर कुणालाच जमत नसे. एक, दोन, तीन, चार, आणि पाच!

"हूत अलीक!" मोठ्या कर्ण्यांतून सगळ्या किल्ल्यावर घुमलं.

माणसांनी माना वर केल्या. मग मागून एक कोळी ओरडला, "काय म्हणाली रे?"

"याचा अर्थ काय, मस्यू?" फिरासने अगदी साळसूदपणे विचारलं.

मस्यू फाब्रिस छाती फुगवून बोलले. सी रऊफ अर्थ सांगायला लागले, "हे म्हणतायत, ही... ही समुद्रदेवीची प्रार्थना आहे. फार प्राचीन. पुजारी लोक... देवळात..." आणि ते अडखळले. त्यांच्या कपाळावरचा घाम गालावर आला. त्यांची स्वतःची आई रोज सकाळी त्यांना हेच म्हणायची!

किल्ला हास्याने दणाणला. "सी रऊफ, आम्ही सगळे पुजारी झालो की!" "माझी बायको तर मोठी पुजारीण!" मस्यू फाब्रिस गोंधळून इकडेतिकडे बघू लागले.

रिहाब ध्वनिक्षेपकापाशी गेली. "हा आवाज आमच्या नजातबाईंचा आहे," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वीचा. ऐका!"

तिने यंत्र ध्वनिक्षेपकाला लावलं. बघ तरी, काय गोड दिसतेय! हूत अलीक! तस्नीम, वायर चावू नकोस गं!

हसू थांबलं. तिथल्या निम्म्या लोकांना नजातबाईंनी शिकवलं होतं. माणसं एकेक करून मागे वळली. किल्ल्याच्या दाराशी मुख्तारकाका उभे होते. कामाचे कपडे, हातात टोपी. ते केव्हा आले, कुणी पाहिलं नव्हतं.

लोकांनी वाट करून दिली. काका व्यासपीठापाशी आले. मस्यू फाब्रिस घाईघाईने काहीतरी बोलू लागले.

"हा म्हणतो, त्याला माहीत नव्हता," फिरासने सांगितलं. "कंपनीने आवाज दुसऱ्या कुणाकडून विकत घेतली. हा म्हणतो, नुकसान भरून देईल."

"त्याला सांग," काका म्हणाले, "ती माझी बायको होती. तिचं नाव लिहा. बाकी ज्यांचं काय काय घेतलंत, त्यांचीही नावं लिहा. मला दुसरं काही नको."

फिरासने ते शब्दन् शब्द सांगितलं. मस्यू फाब्रिस यांनी मान खाली घातली. नभोवाणीची बाई सगळं टिपून घेत होती.

*

नवव्या दिवशी कंपनीने तक्रार मागे घेतली. तीन आठवड्यांनी त्यांच्या खेळाच्या शेवटी नावांची यादी आली. त्यात कर्तचे सगळे लोक होते. अकरावं नाव होतं: नजात, किलिबिया.

सी रऊफ स्वतः रिहाबच्या घरी आले. "मी पाच वेळा क्लिक करायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी केंद्रात मुलांचा सत्कार केला आणि कर्तसाठी एक खोली दिली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी रिहाबची पाठ थोपटली. "तुमच्या बाई असत्या, तर म्हणाल्या असत्या, पुरावा असा शोधावा," ते म्हणाले. रिहाबच्या वडिलांनी फिरासला कडेवर उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांची कंबर धरली. कौतुक ऐकून तस्नीम प्रत्येकाला "हूत अलीक" म्हणत सुटली.

कर्तमधली बाई पुन्हा बोलू लागली. त्या संध्याकाळी मुलं लवकर घरी गेली, मुद्दामच. जाताना रिहाबने कार्यशाळेच्या खिडकीतून पाहिलं. काकांनी पडद्यावर एक घर बांधलं होतं. मग दिवा न लावताच ते बसून राहिले.

सुट्टी संपत आली तेव्हा इनेशचं आणखी एक पत्र आलं. कर्तमध्ये आता माणसं म्हातारीही होणार होती. म्हातारीसाठी बारा वाक्यं तयार होती. ती नजातने कधी भरली आहेत का, म्हणून इनेशने जुना पत्रव्यवहार चाळला. तिला नजातचं एकच उत्तर सापडलं: "म्हातारीचं मी म्हातारी झाल्यावर करीन. घाई काय आहे?"

फिरासने ते वाचून दाखवलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं.

"मी करून बघू, काका?" रिहाबने विचारलं.

"तू तेरा वर्षांची आहेस, पोरी."

"मग दुसऱ्या कुणाला सांगायचं?"

काकांनी पत्राची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

फिरास ल्योंला परत गेला. शाळा सुरू झाली. कर्तमध्ये आता म्हातारी येते. ती घराच्या दारात बसते. तिच्यावर क्लिक केलं, की ती मान वर करून पाहते. तिचा आवाज अजून भरायचा आहे.